अक्काची कानबाई

इंटरनेटवरच्या माझ्या चित्रांच्या पानावर नियमित येणारे लोक अजून अधूनमधून विचारतात, "ती हिरव्या लुगड्यातली भालेवाली कुठे गेली? ते चित्र परत टाका ना." मी सगळ्यांना उत्तरं देते, अगदी कुठला ब्रश वापरता असं विचारणाऱ्यांनाही देते, पण या प्रश्नाला देत नाही. दोन वर्षं झाली. आता मात्र सांगून टाकावं असं वाटतं.

मी जळगावात राहते आणि चित्रं काढून पोट भरते. मुलांच्या पुस्तकांतले ससे, लग्नपत्रिकांवरचे नवरा-नवरी, एका दवाखान्याच्या भिंतीवर हसणारे दात, असलं सगळं. ते काम माझं, पण चित्रं माझी नव्हेत. माझी चित्रं मी पानावर टाकते. भरताच्या वांग्यांचा ढीग लावून बसलेली बाई, असोद्याच्या रस्त्यावर केळीच्या घडांनी लादलेला ट्रक. शिवाय हातकाम: करवंटीची पदकं, केळीच्या वाळक्या सोपटावर, म्हणजे खोडाच्या सालीवर, रंगवलेल्या पुस्तकखुणा. आणि फॅन आर्ट, म्हणजे एखाद्या मालिकेतलं आवडतं पात्र आपल्या हाताने, आपल्या मनासारखं काढायचं. या शेवटच्या प्रकारावर घरचे पूर्वी हसायचे. "दुसऱ्याच्या बाहुल्या काढत बसते," असं आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. माझ्या नाकावर राग असतो, त्यामुळे मी त्यांच्याशी दोन-दोन दिवस बोलत नसे.

घर सोनगीरला आहे. तिथे आई-आबा, भाऊ-वहिनी आणि अक्का असत. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण, माझी आत्या. तिचं लग्न झालं आणि दीड वर्षात नवरा गेला. मूल नव्हतं. आबा तिला परत घेऊन आले, तेव्हापासून ती घरातच होती. आई शेतावर जायची, म्हणून मला न्हाऊ-माखू घातलं ते अक्काने. माझं पहिलं चित्रही तिनेच पाहिलं. चुलीतल्या कोळशाने मी मागच्या खोलीच्या भिंतीवर एक बकरी काढली होती. आईने मला धपाटा घातला आणि भिंत सारवायला घेतली, तर अक्काने तेवढी बकरी सोडून बाकीची भिंत सारवली. पुढे घराला सिमेंट लागेपर्यंत ती बकरी तिथे होती.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. खानदेशाबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी भाऊबंदकी एका घरी जमते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून घेतात आणि त्याचे रोट करतात. पूर्वापार जपलेल्या नारळाला डोळे रेखतात, नथ घालतात, लुगडं नेसवतात, की झाली कानबाई. रात्रभर गाणी, दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर न्यायची, आणि तो नारळ पुन्हा घरी आणून जपून ठेवायचा.

या सगळ्यात अक्का कुठे असे? मागे. आठवडाभर आधीपासून घर धुवायला, गहू निवडायला, पितळेची भांडी चिंचेने घासायला अक्का. रविवारी पुढच्या खोलीत चौरंग मांडला, की अक्का मागच्या खोलीत. तिला कोणी "इकडे येऊ नको" म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. हळदी-कुंकवाचं ताट सगळ्या बायकांतून फिरायचं आणि मधल्या दारापाशी येऊन वळायचं. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा तिला विचारलं होतं, तू का नाही येत. ती गव्हातले खडे काढत म्हणाली होती, "आपली कानबाई नही व माय ती. सवाशिनीसनी शे." तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते, की मी मोठी झाल्यावर तुला तुझी वेगळी कानबाई करून देईन. लहानपणी माणूस काय वाटेल ते कबूल करतं. मी विसरून गेले.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी कानबाईसाठी घरी गेले तेव्हा माझ्यासोबत ते चित्र होतं. परदेशी कार्टून मालिकेतली एक भालेवाली मुलगी मला फार आवडायची. मी तिला आपल्याकडचं हिरवं नऊवारी नेसवलं, नाकात नथ घातली, भाला तसाच ठेवला. डोळे मोठे, थेट बघणारे. हातकागदावर, पाण्यात कालवायच्या रंगांनी, तीन आठवडे खपून काढलं होतं. पुण्याला आमच्यासारख्या चाहत्यांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं आणि त्यासाठी ते निवडलं गेलं होतं. गुरुवारी मूळ चित्र पोचवायचं होतं. एवढी वर्षं लोकांचे ससे काढल्यावर पहिल्यांदाच माझं स्वतःचं काही भिंतीवर लागणार होतं. पावसाची हवा, कागद दमट होईल म्हणून मी ते गुंडाळून न ठेवता पुठ्ठ्याला चिमटे लावून अक्काच्या खोलीत उभं केलं. घरात सगळ्यात कोरडी खोली तीच. तिला सांगितलं फक्त, "अक्का, आठे ठेयेल शे, ध्यान ठेव." इथे ठेवलंय, लक्ष ठेव, एवढंच. काय आहे, कोणाचं आहे, काही नाही.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर निघाली. मी सगळ्यांबरोबर गेले, फुगड्या घातल्या, घसा बसेपर्यंत गायले. परत आले ती थेट मागच्या खोलीत, चित्र बांधून घ्यायला.

चित्राच्या कपाळावर कुंकू होतं. नुसतं टेकवलेलं नव्हे, ओल्या बोटाने नीट गोल लावलेलं, आणि ओलाव्याने खालचा रंग सुटून त्याचा एक ओघळ डाव्या डोळ्यापर्यंत आला होता. पायांवर हळदीची दोन बोटं. समोर वाटीभर तांदूळ आणि एक लहानसा रोट, माझ्या तळहाताएवढा. शेजारी अक्का बसली होती. धुतलेलं लुगडं नेसलेली, केस ओले. माझ्याकडे बघून ती हसली.

मी अक्काशी जन्मभर अहिराणीत बोलत आले. त्या दिवशी मी तिच्यावर ओरडले ते शहरी मराठीत, ज्या मराठीत मी रिक्षावाल्यांशी आणि छापखान्याशी भांडते. सत्यानाश केलास म्हणाले. तीन आठवड्यांची मेहनत म्हणाले. "ही देवी नाहीये! कार्टून आहे, कार्टून! अक्कल आहे की नाही जरा?" मागून आई आली, वहिनी आली. अक्का उठून उभी राहिली. तिला वाक्यं कळत होती की नुसता आवाज, कोण जाणे. ती चित्राकडे बघत हळूच म्हणाली, "डोया कानबाईनाच शेतस ना पन. तू सांगेल व्हतं ना, तुले कानबाई करी दिसू म्हनीसन. माले वाटनं, तू करी आनी."

मी ऐकलं. ऐकलं आणि तरी दुपारची गाडी पकडून निघून आले, चित्र तिथेच टाकून. जेवलेही नाही. कानबाईच्या दिवशी घरातून उपाशी जाऊ नये म्हणून आई धुळ्याच्या बसपर्यंत मागे आली डबा घेऊन.

पण ही चूक तरी रागातली होती. पुढची मी थंड डोक्याने केली. निघण्याआधी त्या चित्राचा फोटो काढून घेतला होता, प्रदर्शनवाल्यांना कारण दाखवायला. बसमध्ये बसल्या बसल्या तो पानावर टाकला. कुंकू, हळद, रोट, सगळं दिसत होतं, आणि कोपऱ्यात अक्काचा अर्धा हात. वर लिहिलं, की खेड्यात फॅन आर्ट नेऊ नये, आत्या तिची देवी करते. पुढे हसणारे चेहरे.

पारोळा येईपर्यंत त्यावर इतके हसणारे चेहरे उमटले होते, की माझ्या कुठल्याच चित्राला कधी तेवढे मिळाले नव्हते. लोक दुसऱ्यांना पाठवत होते, त्यावर आपली वाक्यं चिकटवत होते. कोणी लिहिलं, आजीबाईंना आपल्या चाहत्यांच्या गटाचं सभासद करून घ्या. मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. प्रदर्शन गेलं, पण हे मिळालं, असा हिशेब मी मनात केला. जळगावला उतरले तेव्हा भूकही लागली होती आणि आईचा डबा मी चवीने खाल्ला.

झोपताना ते अक्काचं वाक्य परत आठवलं, आणि त्यासोबत गव्हाचं सूप, खडे काढणारी तिची बोटं आणि माझा तो तोरा. तिने सव्वीस-सत्तावीस वर्षं वाट पाहिली होती. तिने एकदाही आठवण करून दिली नव्हती, आणि मी हिरवं लुगडं नेसवलेली, नथ घातलेली, डोळे रोखून बघणारी बाई नेमकी कानबाईच्या आदल्या दिवशी तिच्या खोलीत आणून ठेवून "ध्यान ठेव" म्हणाले होते. तिने दुसरं काय समजायला हवं होतं? सगळे नदीवर गेल्यावर ती न्हायली असणार, उरलेल्या कणकेचा रोट केला असणार, आणि लग्नानंतरच्या दीड वर्षानंतर पहिल्यांदा कुंकवात बोट बुडवलं असणार.

मी फोटो काढून टाकला. त्याने काय होतं? एकदा हातातून सुटलेलं चित्र आपलं राहत नाही. तो लोकांच्या फोनांत राहिला होता.

आठवड्याने तो फिरत फिरत सोनगीरला पोचला. गल्लीतल्या एका नव्या सुनेने तो अक्काला दाखवला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, उलट "अक्का, तुम्हना फोटो आना" म्हणून कौतुकाने दाखवला. अक्काने फोन हातात घेतला आणि आपला हात ओळखला. मग खालचे ते पिवळे चेहरे बघून विचारलं, "या लोके कोन शेतस? काबर हासी राह्यनात?" हे मला वहिनीने फोनवर सांगितलं. मग अक्काने काय केलं, असं मी विचारलं. काही नाही, वहिनी म्हणाली, घरात येऊन भांडी घासत बसली.

ती भांडी घासत नव्हती. पंधरा दिवसांनी आबा बाजाराच्या कामाने जळगावला आले आणि त्यांनी माझ्या हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं ते चित्र ठेवलं. "अक्काने दिलंय. म्हणाली, स्वच्छ केलंय, आता दे म्हणावं जिथे द्यायचं तिथे."

देवाचं काहीही स्वच्छ करायचं ते पाण्याने आणि चिंचेने, हे तिला जन्मभर माहीत होतं. तिने तसंच केलं होतं. ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, आणि कुंकवाखालचं कपाळ गेलं. कपाळ पुसट झालं म्हणून बाजूचं पुसलं असेल, तर डोळे गेले. नाक, नथ, ओठ, सगळ्याचा मिळून एक तपकिरी फराटा झाला होता. किती हलक्या हाताने पुसलं असेल, की एवढं होऊनही कागद कुठे फाटला नव्हता! पायांवरची हळद मात्र गेली नव्हती. हळद जात नाही. आबा चहा पीत होते, त्यांच्यासमोर मी रडले. त्यांना वाटलं, चित्र खराब झालं म्हणून. ते म्हणाले, "जाऊ दे, म्हातारी आहे ती. दुसरं काढ."

मी दुसरं काढायचं ठरवलं, पण चित्र नाही. चित्राला पाणी लागतं. मी तिला खरी कानबाई करून देणार होते, नारळाची, जिला ती धुवू शकेल, पुसू शकेल, हवं तेवढं कुंकू लावू शकेल. चांगला जड नारळ निवडला. शेंडी काढून, घासून गुळगुळीत केला, डोळे पक्क्या रंगात काढले. केळीच्या सोपटाचा धागा काढून त्यावर बारीक मणी ओवले आणि नथ केली. आईच्या जुन्या खणातून लुगडं शिवलं. पितळेची एक छोटी डबी घेतली आणि तिच्या दोन कप्प्यांत हळद आणि कुंकू भरलं. एवढं मन लावून मी कुठलंच काम केलेलं नाही. एकही फोटो काढला नाही.

माघात मी ती घेऊन सोनगीरला गेले. मला एकच गोष्ट बघायची होती. अक्काने पुन्हा एकदा बोट बुडवून त्या कपाळावर टेकवलेलं. बाकी माफी वगैरे मला मागता येत नाही. आमच्या घरात कोणालाच येत नाही.

अक्का वाळली होती. हिवाळ्यात तिला खोकला झाला होता तो गेला नव्हता. मी तिच्या खोलीत पाट मांडला, त्यावर नारळ ठेवला, डबी उघडून समोर धरली. "अक्का, ही तुन्ही कानबाई. तुन्हीच. लाव."

तिने खूप वेळ बघितलं. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "भलती देखनी शे," म्हणाली. पण हात पुढे केले नाहीत. दोन्ही हात तिने पदराखाली घेतले होते.

"लाव ना, अक्का."

"नही, माय. मी हात लावसू ते बिघडी जाई."

मी सांगितलं की हे बिघडत नाही. पाणी आणून नारळावर ओतून दाखवलं. रंग हलला नाही, ते तिने बघितलं आणि मान हलवली. कोणी हसणार नाही म्हटलं. खोलीचं दार लावून घेतलं. चिडलेसुद्धा थोडी, सवयीने, आणि लगेच जीभ चावली. ती माझीच समजूत घालत राहिली. "तू करी ना, झाये. ठी दे तठे फळीवर. मी देखसू." शेवटी मी कानबाई फळीवर ठेवली. शेजारी डबी ठेवली. मनात म्हटलं, लावेल, एकटी असताना लावेल. मागच्या वेळीही तिने एकटी असतानाच लावलं होतं.

फाल्गुनात अक्का गेली. खोकला नव्हता तो, दुसरंच काही होतं छातीत. धुळ्याच्या दवाखान्यात चार दिवस होती. मी पोचले तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, पण तिने माझा हात धरून ठेवला होता. माझा धरायला तिला भीती वाटली नाही.

तिच्या दहाव्याला घरच्या ग्रुपवर एका लांबच्या चुलतभावाने तो जुना फोटो टाकला, कुठूनसा त्याच्याकडे आलेला. अर्धा हात कोणाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. "कोण असेल ही म्हातारी," असं लिहून त्याने खाली हसणारे चेहरे जोडले होते. भावाने तो हळूच काढायला लावला.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. वर्षात गेलेल्या माणसाच्या नावाने आमच्याकडे आखाजीला घागर भरतात. भावाने अक्काची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवला. मी स्वयंपाकात मदत करायला हवी होती, पण मी मागच्या खोलीत गेले. कानबाई फळीवरच होती, एका धुतलेल्या पांढऱ्या फडक्याखाली झाकलेली. मी ती खिडकीच्या उजेडात नेली. बारीक काम बघायची माझी भिंगाची काच पिशवीत असते, ती काढली, आणि कपाळ तपासलं. मग गाल, मग लुगड्याची कड, नारळाची मागची बाजू. हळदीचा एक कण, कुंकवाचा एक ठिपका, अगदी चुकून लागलेला. त्यासाठी मी माझं अख्खं पान, सगळी चित्रं, सगळं देऊन टाकलं असतं.

काही नव्हतं. डबीतल्या कुंकवावर मी भरताना बोटाने केलेली गुळगुळीत सपाटीसुद्धा तशीच होती.

आई शोधत आली. मला भिंग घेऊन बसलेली बघून तिने काय ते ओळखलं. दारातच उभी राहून म्हणाली, "रोज आंग धोईसन बठे ती हिन्हा म्होरे. घडीभर. हात पदरमा गुंडाळीसन."

"हात लावत नव्हती?"

"फडकाखाल धरीसन उचले, फडकाखाल धरीसन ठेवे." आईने माझ्या हातातून नारळ घेतला, फळीवर ठेवला, त्यावर ते फडकं घातलं. मग म्हणाली, चल, घागरीला पाणी घालायला सगळे थांबलेत.